कॉफीऐवजीं माते

फेब्रुवारी २०२५ मध्यें न्यूयॉर्कच्या बाजारांत कॉफीचा भाव पौंडास चार डॉलरांच्या वर गेला. ब्राझील देशांतील अवर्षण हें त्याचें एक मुख्य कारण होतें. तेव्हांपासून कॉफीची संवय असलेल्या माझ्या ओळखीच्या मंडळींत ‘हिच्या जागीं दुसरें काय घ्यावें’ ही चर्चा वारंवार कानीं पडते, आणि त्या चर्चेंत ‘येर्बा माते’ हें नांव हटकून निघतें. हें दक्षिण अमेरिकेंतील पेय कॉफीहून निरुपद्रवी आहे, त्यानें तरतरी येते पण झोप मोडत नाहीं, आणि तें पीक घेणाराचें कल्याण होतें, अशा नाना गोष्टी त्याविषयीं सांगितल्या जातात. माझें शिक्षण मराठी शाळेपलीकडे गेलेलें नाहीं. वैद्यकाचा किंवा वनस्पतिशास्त्राचा अधिकार मला नाहीं. परंतु सारी नोकरी महसूल खात्यांत पीकपाहणी, फेरफार आणि वसुली यांचीं दप्तरें लिहिण्यांत गेल्यामुळें, कोणतीहि जिन्नस पुढें आली कीं तिचा सातबारा पाहिल्याशिवाय माझें समाधान होत नाहीं. तसा या पानाचा सातबारा मीं पाहिला. त्यांत जें आढळलें तें वाचकबंधूंपुढें ठेवीत आहें.

निष्कर्ष आरंभींच सांगतों. पेय बदलल्यानें संवय सुटत नाहीं, आणि पीक बदलल्यानें शेतकऱ्याचें दैव पालटत नाहीं. पहिल्यास मनाचा निग्रह लागतो, दुसऱ्यास भावाची व्यवस्था लागते. या दोहोंवांचून कोणतेंहि पान, मग तें सातां समुद्रांपलीकडून आलेलें कां असेना, आपलें कांहीं भलें करूं शकत नाहीं.

माझी कॉफीची संवय जुनी. वसुलीच्या दिवसांत रात्रीं उशिरांपर्यंत हिशेब जुळवावा लागे, तेव्हां ती लागली. नोकरी सुटली तरी ती सुटली नाहीं. पित्त वाढलें, झोप उणावली. माझा पुतण्या मुंबईस नोकरीस आहे. गेल्या दिवाळींत तो घरीं आला तेव्हां त्यानें मातेचा एक पुडा माझ्यापुढें ठेविला आणि म्हणाला, “काका, कॉफी सोडा आणि हें घेऊन पाहा.” नांव ऐकून घरांत हंसूं झालें. “ही कोणती नवी माता, आणि हिचा नैवेद्य काय ?” असें घरांतून विचारणें झालें. पुड्यावरील किंमत वाचल्यावर मात्र तें हंसूं मावळलें. कारण कॉफीहून स्वस्त असें हें प्रकरण मुळींच नव्हे. तरी पुतण्यानें प्रेमानें आणलेलें, म्हणून महिनाभर तें घ्यावयाचें ठरविलें.

प्रथम हें पान म्हणजे काय तें सांगतों. पराग्वे, ब्राझीलचा दक्षिण भाग आणि अर्जेंटिनाचे मिसिओनेस व कोरिएन्तेस हे प्रांत, हा त्या झाडाचा मूळ मुलूख. शास्त्रीय नांव इलेक्स पाराग्वारिएन्सिस; तें फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ सें-तिलेर यानें १८२२ सालीं दिलें. झाड सदापर्णी असून रानांत पन्नास फुटांपर्यंत वाढतें. मळ्यांत मात्र छाटून छाटून हातानें तोडणी करितां येईल इतकेंच ठेवितात. तोडलेलीं पानें एका दिवसाच्या आंत विस्तवाच्या ज्वाळेवरून अर्धा मिनिटभर फिरवितात, त्यामुळें तीं काळीं पडत नाहींत. नंतर उष्ण हवेनें वाळवून त्यांची भरड करितात व ती भरड पोत्यांत भरून पुष्कळदां वर्ष-दीड वर्ष कोठारांत मुरूं देतात. तीन किलो ओल्या पानांची सुमारें एक किलो सुकी येर्बा होते.

‘येर्बा’ म्हणजे स्पॅनिश भाषेंत वनस्पति, आणि ‘माते’ हा शब्द केचुआ भाषेंतील तुंबा या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. भोपळ्याच्या लहान तुंब्यांत ही भरड अर्ध्याहून अधिक भरावयाची, तीवर ऊन पाणी ओतावयाचें, आणि टोंकाला गाळणी असलेल्या धातूच्या नळीनें तें चोखावयाचें, अशी तिकडील रीत आहे. पाणी संपलें कीं पुन्हां ओततात. एकाच भरडीवर दहा-पंधरा वेळां पाणी होतें. मंडळी बसली असतां एक जण पाणी ओततो आणि तोच तुंबा, तीच नळी, सर्वांमध्यें फिरते. आपल्याकडे पारावर चिलीम फिरते तशी. आपली पाळी आली असतां ‘आभारी आहें’ असें म्हटलें तर त्याचा अर्थ ‘मला आतां पुरें’ असा होतो. अर्जेंटिनांत दरमाणशीं वर्षास सुमारें सहा किलो येर्बा खपते, आणि २०१३ सालीं त्या देशानें कायद्यानें मातेला राष्ट्रीय पेय ठरविलें. पराग्वेमध्यें उष्ण हवेमुळें तेंच थंड पाण्यांत घेतात. त्यास तेरेरे म्हणतात. त्या प्रथेस व तींतील औषधी वनस्पतींच्या ज्ञानास २०२० सालीं युनेस्कोच्या वारसायादींत स्थान मिळालें.

आमच्या घरीं एक नळी सर्वांनीं तोंडास लावणें शक्यच नव्हतें; उष्ट्याचा विचार आड आला. म्हणून मीं भरड पाण्यांत टाकून, गाळून, पेल्यानें घेतली. पहिल्या दिवशीं चव धुरकट व कडवट लागली. आठवड्यानें जीभ रुळली. सकाळीं घेतलें कीं तरतरी येई हें खरें. पण एके दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास दोन पेले घेतले, आणि त्या रात्रीं घड्याळाचे बारा, एक आणि दोन असे तिन्ही ठोके मीं मोजले. तेव्हां लक्ष्यांत आलें कीं, येथें कांहीं तरी चुकतें आहे.

चूक पानाची नव्हती, प्रसिद्धीची होती. मातेंत ‘मातेईन’ नांवाचें निराळेंच सौम्य द्रव्य असतें असें सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु तें द्रव्य म्हणजे कॉफींतील व चहांतील कॅफीनच होय. नांव बदललें म्हणून द्रव्य बदलत नाहीं. वाळलेल्या मातेंत कॅफीनचें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास असतें, चहाच्या पानांत त्याहून अधिक असतें. एवढ्यावरून मातेस सौम्य म्हणावें, तर तुंब्यांत भरड मूठभर असते आणि पाणी पुनः पुनः ओतलें जातें. म्हणून सगळ्या बैठकीचा हिशेब केला तर पोटांत जाणारें कॅफीन कॉफीच्या पेल्याहून कमी भरेलच असें नाहीं. फरक इतकाच कीं, कॉफी दहा मिनिटांत संपते आणि माते तास दीड तास घोटाघोटानें चालतें, त्यामुळें अंमल एकदम चढत नाहीं. ज्याला झोपेसाठीं कॉफी सोडावयाची आहे, त्याला या पानानें सोडवणूक नाहीं. कर्ज एका सावकाराकडून दुसऱ्या सावकाराकडे नेलें म्हणून तें फिटत नसतें.

दुसरी गोष्ट ऊन पाण्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें १९९१ सालीं गरम मातेपान हें ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हणून नोंदविलें होतें. २०१६ सालीं त्याच संस्थेनें पुन्हां तपासणी केली, तेव्हां दोष पानाकडून पाण्याकडे गेला : ६५ अंश सेल्सिअसहून अधिक कढत असें कोणतेंहि पेय अन्ननलिकेस बहुधा घातक, आणि फार कढत नसलेल्या मातेस तसा दोष लावण्यास पुरेसा पुरावा नाहीं, असा तिचा निर्णय झाला. लांकडाच्या धुरांत वाळविलेल्या पानांत धुराचे कांहीं अपायकारक अंश उतरतात, हेंहि तपासणींत आढळलेलें आहे. चुलीवरून उतरलेला चहा बशींत न ओततां तसाच घशाखालीं घालणाऱ्या आपल्या लोकांनीं पहिला निर्णय अवश्य ध्यानांत ठेवावा. आपल्या आज्या बशींत चहा निववून पीत. त्यांची ती रीत शहाणपणाची होती.

येथवर पिणाराचा हिशेब झाला. आतां पिकविणाराचा पाहूं. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो, व जमिनीवरील बोजा त्यांत लिहिलेला असतो. या पानावरचा बोजा पाहिल्याशिवाय त्याची कहाणी पुरी होत नाहीं.

मूळ मालक ग्वारानी लोक. तें पान रानांतून आणून ते पीत आले होते. सतराव्या शतकांत जेझुइट पाद्र्यांनीं त्यांच्या वसाहती वसविल्या आणि या झाडाचे मळे लाविले. ह्याचें बी सहजीं रुजत नाहीं. तें रुजविण्याची युक्ति त्या मळ्यांतून साध्य झाली होती. १७६७ सालीं स्पेनच्या राजानें जेझुइटांस आपल्या राज्यांतून हांकलून दिलें, मळे ओसाड पडले आणि ती युक्तीहि विस्मरणांत गेली. पुढें शतकाहून अधिक काळ बहुतेक सारें पान रानांतूनच आणावें लागलें. हंबोल्टचा सहप्रवासी बोंप्लां यानें सांता आना येथें लागवडीचा प्रयत्न आरंभिला, तर १८२१ सालीं पराग्वेचा हुकूमशहा फ्रान्सिया यानें शिपाई पाठवून त्यास पकडून नेलें व सुमारें नऊ वर्षें आपल्या देशांतून बाहेर पडूं दिलें नाहीं. पानाचा मक्ता हातचा जाईल ही त्यास धास्ती होती. एका झाडाच्या बियांपायीं विद्वानास बंदिवास घडला, यावरून त्या पानांत किती पैसा होता तें दिसून येतें.

आणि तो पैसा तोडणाऱ्याच्या हातीं कधीं आला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं पाराना नदीच्या वरच्या अंगाच्या रानांत जे मजूर नेले जात त्यांस ‘मेन्सू’ म्हणत. पोसादास गांवीं करार होऊन त्यांस आगाऊ रक्कम मिळे. ती गांवांतच चार दिवसांत उडे. नंतर आगबोटींतून रानांत नेऊन त्यांस मालकाच्याच दुकानांतून मालकाच्याच भावानें धान्य घ्यावें लागे. कर्ज फिटावें तर दुकानाचें देणें वाढलेलें असे, आणि पळून जावें तर पाठीमागें बंदूक असे. राफाएल बार्रेत या लेखकानें १९०८ सालीं हा प्रकार वर्तमानपत्रांतून उघडकीस आणला, आणि ओरासिओ किरोगा यानें त्यावर गोष्टी लिहिल्या. आपल्याकडे ऊसतोडणीच्या मुकादमाकडून ‘उचल’ घेऊन जोडपीं घरदार सोडून फडावर जातात, त्यांस ही हकीकत परकी वाटणार नाहीं. नांव मेन्सू असो कीं कोयता असो, आगाऊ घेतलेल्या रकमेनें माणूस बांधला जातो तो सारखाच.

पुढें रानाच्या जागीं मळे आले. पोलंड, युक्रेन, जर्मनी या देशांतून आलेल्या वसाहतवाल्यांस मिसिओनेस प्रांतांत जमिनी मिळाल्या व त्यांनीं येर्बा लाविली. आजहि तेथील हजारों उत्पादकांपैकीं बहुतेकांचें शेत दहा हेक्टरांच्या आंतच आहे. सर्वांनींच लागवड केली, तेव्हां जें व्हावयाचें तेंच झालें, भाव कोसळले. म्हणून १९३५ सालीं अर्जेंटिना सरकारनें नियामक मंडळ स्थापून लागवड व विक्री यांवर बंधन घातलें. १९९१ सालीं ‘खुला बाजार’ या मंत्राखालीं तें मंडळ मोडण्यांत आलें. बंधन जातांच लागवड बेसुमार वाढली. माल घेणाऱ्या गिरण्या मोजक्या, विकणारे हजारों. पानास कवडीमोल भाव येऊं लागला. २००१ सालीं उत्पादकांनीं आपले ट्रॅक्टर पोसादास शहरांत आणून उभे केले. त्याचें फळ म्हणून २००२ सालीं नवी राष्ट्रीय येर्बा माते संस्था निघाली. तींत उत्पादक, वाळवणीवाले, गिरण्या, सहकारी संस्था, मजूर आणि सरकार या सर्वांचे प्रतिनिधि बसून ओल्या पानाचा किमान भाव ठरवीत. डिसेंबर २०२३ मध्यें नव्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानें भाव ठरविण्याचा हा अधिकार काढून घेण्यांत आला, आणि त्यानंतरच्या हंगामांत खर्चहि निघत नाहीं अशी लहान उत्पादकांची ओरड पुन्हां सुरू झाली.

वाचकबंधूंनो, या सगळ्या काळांत पान तेंच होतें, माती तीच होती, पिणारेहि तेच होते. १९३५, १९९१, २००२ आणि २०२३ या चार सालीं बदलली ती केवळ भाव ठरविण्याची रीत. आणि तिच्यासरशी शेतकऱ्याचें घर उठलें किंवा बसलें. आपल्याकडे उसास कायद्यानें रास्त व किफायतशीर दर बांधून दिलेला असतो. त्याच्या थकबाकीबद्दल आपण रागावतों तें योग्यच. परंतु तो दरच नसता तर काय झालें असतें, तें मिसिओनेसच्या शेतकऱ्यांस विचारावें.

दुसरेंहि एक उदाहरण तेथेंच आहे. कोरिएन्तेस प्रांतांतील लीबिग वसाहतीच्या शेतकऱ्यांनीं १९२६ सालीं सहकारी संस्था काढली. आपलें पान आपणच वाळवावें, आपणच दळावें, आपल्याच नांवाच्या पुड्यांत भरून विकावें, हा तिचा क्रम. तिचा ‘प्लायादितो’ हा पुडा आज अर्जेंटिनांत सर्वांत अधिक खपणाऱ्या पुड्यांपैकीं एक आहे. म्हणजे गिरणीवाल्याच्या दारांत उभें राहण्यावांचून गति नाहीं असें नव्हे. मात्र त्यास शंभर वर्षांची चिकाटी लागते, एका हंगामाचा उत्साह पुरत नाहीं.

आतां एक इशारा. कोणत्याहि नव्या पेयाचा बोलबाला झाला कीं त्यामागोमाग रोपें विकणारा येतो. सफेद मुसळी आली, एमू पक्षी आले. आपल्या भागांतील किती घरांनीं त्यांपायीं कर्ज काढलें तें वाचकांस ठाऊकच आहे. उद्यां कोणी मातेचीं रोपें घेऊन बांधावर उभा राहिला, तर त्यास पुढील प्रश्न विचारावे. मिसिओनेसमध्यें वर्षास साठ इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बाराहि महिन्यांत वांटलेला असतो. आमच्या कोंकणांत पाऊस त्याहून अधिक, माती तशीच तांबडी, पण पाऊस चार महिन्यांचा, मग उरलेल्या आठ महिन्यांचें पाणी कोण देणार? चिखलदऱ्यास कॉफी झाली ती तेथील डोंगरी थंड हवेच्या आधारानें. तुमच्या रोपास कोणता आधार? पहिली तोडणी चौथ्या-पांचव्या वर्षीं, तोंवर घर कशावर चालवावयाचें ? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पान निघाल्यावर तें घेणार कोण, कोणत्या भावानें, आणि तो भाव कोणत्या कागदावर लिहिलेला आहे ? या शेवटल्या प्रश्नास उत्तर मिळेपर्यंत एक पैहि देऊं नये. तोंडी आश्वासनाची नोंद कोणत्याहि दप्तरांत होत नसते, हें मी अनुभवानें सांगतों.

मग कॉफीऐवजीं काय घ्यावें ? ज्यास नवी चव हवी व परवडते त्यानें माते खुशाल घ्यावें. सकाळीं घ्यावें, निववून घ्यावें, आणि औषध म्हणून घेऊं नये. त्या लोकांची निवांतपणें मंडळींत बसून पिण्याची रीत तर अवश्य उचलावी. तिला कांहीं मोल पडत नाहीं. परंतु ज्यास झोप हवी आहे, त्यास घरचाच उपाय आहे. धने व जिरें मंद भाजून, सुंठेसह पूड करावी, गुळाच्या पाण्यांत उकळावी आणि दूध घालून घ्यावी. हिलाहि आपण कॉफीच म्हणत आलों, आणि हिच्यांत कॅफीन मुळींच नाहीं. पुतण्याचा पुडा संपल्यापासून सायंकाळीं मी हीच घेतों, व बाराचे ठोके मला ऐकूं येत नाहींत. हिचे धने आपल्याच शेतांतले, आणि गूळहि आपल्याच गुऱ्हाळांतला.

तथापि धन्यांचा भाव तरी कोण ठरवितो, हा प्रश्न उरतोच. तो आपल्या सोसायटीच्या पुढील सभेंत निघावा, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून